जुन्या हॅचबॅकची बॉडी कमी खर्चात ताठ कशी करावी

कसारा घाटात स्टिअरिंग वळवलं की गाडी आधी लचकते आणि मग वळते. एक चाक खड्ड्यात गेलं की डॅशबोर्ड कुरकुरतो. एका बाजूला जॅक लावल्यावर मागचं दार नीट लागत नाही. शॉकप आणि बुश (सांध्यांतली रबरं) नवे टाकूनही हे सगळं चालूच असेल, तर बॉडीलाच पीळ बसतोय असं समजा. चाकाचा झटका स्प्रिंगने घ्यायचा असतो. बॉडी लिबलिबीत असेल तर त्यातला काही भाग पत्राच घेतो, आणि शॉकपचं सेटिंग कितीही बदललं तरी फरक जाणवत नाही.

इथे दिलेली कामं मारुती ८००, झेन, एस्टीम, जुनी अल्टो अशा मोनोकॉक, म्हणजे वेगळी चासी नसलेल्या गाड्यांसाठी आहेत. नाशिकच्या सातपूर प्लांटमधून निघणारी बोलेरो वेगळ्या फ्रेमवर बसते. तिथे आधी बॉडी आणि फ्रेममधले रबर बघावेत. फ्रेमच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडणं किंवा वेल्डिंग मारणं टाळावं.

पैसे खर्च करण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. "हाय टेन्साइल" पाइप वापरला म्हणून बॉडी जास्त ताठ होत नाही. साधं एमएस (माइल्ड स्टील) असो की महागडं मिश्रधातूचं, स्टीलचा लवचीकता गुणांक सुमारे २०० गिगापास्कलच राहतो. महाग स्टील उशिरा तुटतं, पण तेवढ्याच वजनाखाली वाकतं मात्र तेवढंच. ताठरपणा येतो तो आकारातून. ५० मिमी व्यासाचा, २ मिमी जाडीचा पाइप घ्या आणि त्याला लांबीभर एक चीर पाडा. धातू जवळपास तेवढाच राहिला, पण पिळाविरुद्धचा ताठरपणा सुमारे ४३० पट घटला. पटत नसेल तर कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची नळी आधी अख्खी आणि मग चिरून पिळून बघा. दाराखालचा सिल म्हणजे असाच बंद पाइप आहे. गंजाने त्याची शिवण उघडली की तो चिरलेला पाइप होतो. वर कितीही बार (बॉडीच्या दोन बाजू जोडणारे पाइप) लावा, ती चीर भरून निघत नाही.

म्हणून क्रम असा: गंज, मग नट-बोल्ट आणि बुश, मग बार. बहुतेक लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात, कारण चकचकीत बार बॉनेट उघडल्यावर दिसतो आणि सिल दिसत नाही.

आधी मोजा

सपाट काँक्रीटवर मागच्या दोन्ही जॅकिंग पॉइंटखाली एकेक घोडी (जॅक स्टँड) लावा. पुढे मात्र एकच घोडी, मॅन्युअलमध्ये मधल्या जॅकसाठी दिलेल्या पॉइंटखाली, वर लाकडी ठोकळा ठेवून. त्यामुळे पुढचा भाग डावी-उजवीकडे पिळला जाऊ शकतो. पुढच्या टोकाला ४० × ४० मिमीचा चौकोनी पाइप आडवा बांधा आणि मध्यापासून ६५ सेंटिमीटरवर वाळूची २५ किलोची चार पोती लटकवा. हा पीळ सुमारे ६४० न्यूटन-मीटर होतो. पुढच्या घोडीच्या रेषेत बॉडीखालून पुढे-मागे जाणाऱ्या डाव्या आणि उजव्या लांब दांड्याखाली एकेक डायल गेज ठेवा. एक बाजू खाली जाईल, दुसरी वर येईल. दोन्ही वाचनांची बेरीज लिहून ठेवा. बॉडीचा ताठरपणा ५,००० न्यूटन-मीटर प्रति अंश असेल आणि दोन गेजमध्ये ८० सेंटिमीटर अंतर असेल, तर बेरीज १.८ मिमीच्या आसपास येते. डायल गेज मिमीचा शंभरावा भाग दाखवतो, त्यामुळे छोटा फरकही लपत नाही.

पहिलं वाचन सोडून द्या, कारण त्या वेळी घोड्या आणि ठोकळे बसत असतात. त्यानंतर तीनदा घ्या. सिलखाली सुटे टायर सरकवून ठेवा, आणि मोजताना गाडीखाली कुणीही जाऊ नये. प्रत्येक काम झाल्यावर हेच माप पुन्हा घ्या. "चालवताना फरक वाटतो" यावर विसंबू नका. दोन हजारांचा बार लावल्यावर फरक सगळ्यांनाच वाटतो.

गंज

त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात फिरलेल्या गाडीत या जागा हमखास सापडतात: सिलचा मागचा शेवट, जॅकिंग पॉइंट, पायाखालचा फ्लोअर, बॅटरी ट्रेच्या खालचा पत्रा (तिथे ॲसिडही सांडलेलं असतं), स्ट्रट टॉवरच्या (पुढचा शॉकप आणि स्प्रिंग वर जिथे बसतात त्या घुमटाच्या) वरच्या कडा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. खणखणीत ऐवजी बद्द आवाज आला की तिथे पुट्टी आहे किंवा पत्रा खलास आहे. लोहचुंबक जिथे चिकटत नाही तिथे जाड पुट्टी समजा.

ग्राइंडरने चकचकीत धातू लागेपर्यंत कापा. पॅचसाठी २० गेजचा (सुमारे ०.९ मिमी) सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा पुरतो, जॅकिंग पॉइंटला १८ गेज घ्या. वेल्डिंग सीओटू गॅसचंच (मिग) हवं, ०.८ मिमी वायरवर. गेट-ग्रिल करणाऱ्याच्या आर्क वेल्डिंगने हा पत्रा जळून भोकं पडतात, मग ती भोकं बुजवायला आणखी वेल्डिंग, आणि शेवटी कडा ठिसूळ. पॅच आधी टाक्यांवर धरा. मग एक टाका इकडे, एक टाका समोरच्या बाजूला असं करत शिवण पूर्ण बंद करा. रिव्हेट आणि फायबरच्या पट्ट्यांनी झाकलेलं भोक दिसत नाही, पण पिळाच्या हिशोबात ते उघडंच असतं. शेवटी शिवणीवर सीम सीलर, आतून कॅव्हिटी वॅक्स. सिलखालची पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा.

वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) असेल तर त्याचा कनेक्टर काढा, अर्थचा क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावा. सीएनजी किट असेल तर सिलिंडर किट बसवणाऱ्याकडून रिकामा करून उतरवून घ्या, "व्हॉल्व्ह बंद आहे ना" एवढ्यावर भागवू नका. मागच्या सीटखालून पेट्रोलच्या लाइन जातात, त्याही बाजूला घ्या.

नट-बोल्ट आणि बुश

हे स्वस्त काम आहे, आणि ते गाळणारेच जास्त. लोअर आर्मचे (चाकाला खालून बॉडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) आणि क्रॉसमेंबरचे (इंजिनखालच्या आडव्या तुळईचे) बोल्ट सैल करा, बसण्याच्या जागा वायर ब्रशने साफ करा, मग मॅन्युअलच्या टॉर्कला आवळा. आर्मचे बुशवाले बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी हवी. हवेत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. फुटलेले बुश बदला.

पुढचा बार

दोन स्ट्रट टॉवर एकमेकांना जोडणारा बार घरगुती कामात सगळ्यात सोपा. लागणारं सामान: २५ मिमी व्यासाचा, २ मिमी जाडीचा ईआरडब्ल्यू (लांबीभर वेल्ड केलेला) पाइप, गाडीच्या मापाने साधारण १.१ मीटर, आणि १५० × १५० मिमीच्या दोन ४ मिमी एमएस प्लेट. सगळं मिळून पावणेतीन किलोच्या आत. हा पाइप लांबीने दाबला-ताणला जातो, त्यामुळे त्याला बाक नको. इंजिनवरून कमान करून जाणारा बार स्प्रिंगसारखा उघडतो-मिटतो. सरळ जागाच नसेल तर दोन छोटे पाइप प्रत्येक टॉवरपासून फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) मध्यापर्यंत तिरके न्या. हा त्रिकोण सरळ बारपेक्षाही चांगला, फक्त फायरवॉलला आतून ३ मिमीची बॅकिंग प्लेट लागते.

प्लेटचा साचा असा घ्या: टॉवरच्या स्टडच्या टोकांना ग्रीस लावा, वर पुठ्ठा दाबा, तीन डाग उमटतात. मधल्या मोठ्या भोकाचा व्यास वेगळा मोजा. एम-८ स्टडसाठी भोक ८.५ मिमी. त्याहून मोठं केलं की प्लेट सरकते आणि बार नुसता दागिना उरतो. हा साचा सातपूर-अंबड एमआयडीसीतल्या लेझर कटिंगवाल्याला दिलात तर दोन्ही प्लेट तंतोतंत निघतात. हाताने ड्रिल करत बसण्यात वेळ जातो आणि भोकं हुकतात.

आता धोक्याची गोष्ट. टॉवरच्या कडेचे नट काढायचे, मधला मोठा नट कधीही नाही. त्याच्याखाली दाबलेली स्प्रिंग आहे. गाडी चाकांवर उभी ठेवून एका वेळी एकाच बाजूचं काम करा.

प्लेट बसवली की नटाच्या वर किमान दोन आटे दिसायला हवेत. ४ मिमीच्या प्लेटने आटे कमी पडत असतील तर ३ मिमीची प्लेट घ्या आणि तिची कड वाकवून ताठ करा. नायलॉक नटाचं नायलॉन आट्यावर चढलंच नाही, तर तो नट काही दिवसांत सुटेल. एम-८ चे नट साधारण २० ते २५ न्यूटन-मीटरला आवळतात. मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच धरा. जास्त जोर लावला तर स्टड माउंटमध्येच गरगरा फिरायला लागतो.

दोन्ही प्लेट आवळल्यावर पाइप जागेवर धरून फक्त टाके मारा, तेही इंजिनवर ओलं गोणपाट टाकून. मग बार उतरवा. पूर्ण वेल्डिंग बाहेर, प्लेट जाड चॅनेलला बोल्टने जखडून करा. मोकळ्या ठेवून वेल्ड केल्या तर शिवण थंड होताना एक-दोन मिमी आखडते, मग बार स्टडवर चढत नाही. मग लोक भोकं घासून मोठी करतात, आणि पुन्हा तोच दागिना.

बॉनेट लागतं का हे बघायला बारवर कणकेचे गोळे ठेवा आणि बॉनेट हळूच बंद करा. गोळा १० मिमीपेक्षा पातळ झाला तर बार खाली घ्या. इंजिन गीअर टाकताना डुलतं, म्हणून एअर फिल्टर आणि बारमध्ये १५ मिमी तरी सोडा. शेवटी व्हील अलाइनमेंट तपासा. बारची दुसरी बाजूही माहीत असलेली बरी: एका चाकाला जोरात मार बसला तर धक्का दुसऱ्या टॉवरपर्यंत पोचतो. डेंटिंगचं बिलही मग दोन्हीकडचं येतं.

खालचा आणि मागचा बार

लोअर आर्मच्या मागच्या दोन बोल्टमध्ये २५ × २५ × २ मिमीचा चौकोनी पाइप टाकला की ब्रेक मारताना आर्म मागे-पुढे होणं कमी होतं. पाइप संप गार्डच्या (इंजिनखालच्या संरक्षक पत्र्याच्या) खाली लोंबता कामा नये, नाहीतर पहिलाच स्पीडब्रेकर तो वाकवेल.

हॅचबॅकमध्ये मागचं मोठं दार हीच खरी कमजोर जागा. तिथे नुसता आडवा बार फारसं काही करत नाही, कारण चौकट तिरकी व्हायची ती होतेच. सीटमागे फुलीच्या आकाराचे दोन तिरके पाइप खूप जास्त काम करतात, पण डिकी गेली. बॉडीला जिथे बोल्ट माराल तिथे पत्र्याच्या दोन्ही बाजूंना ३ मिमीची प्लेट हवी. सीटबेल्टचे बोल्ट यासाठी वापरू नका. मध्ये स्पेसर आणि प्लेट आली की बेल्टची ताकद घटते.

काय करू नये

दुकानात मिळणारा फोमचा डबा सिलमध्ये मारू नका. तो हलका फोम पीळ अडवत नाही, पाणी मात्र धरून ठेवतो. हळूहळू सिल आतून कुजतो, आणि फोम भरलेल्या सिलवर वेल्डिंग करायला गेलं की आग आणि विषारी धूर.

कंपनीने पत्रे जोडताना मारलेल्या ठिपक्यांच्या, म्हणजे स्पॉट वेल्डच्या मधे २०-२५ मिमीच्या शिवणी मारणं, म्हणजे स्टिच वेल्डिंग, खरंच परिणामकारक आहे. पण ते फक्त रिकाम्या केलेल्या रॅलीच्या बॉडीसाठी. पुढचा भाग धडकेत चुरगळावा म्हणूनच तसा बनवलेला असतो. तो कडक केला की धक्का आतल्या माणसांपर्यंत जातो आणि एअरबॅगचं गणितही बिघडतं. अलीकडच्या गाड्यांचे खांब उष्णता-प्रक्रिया केलेल्या स्टीलचे असतात, वेल्डिंगच्या उष्णतेने ते नरम पडतात. एअरबॅग असलेल्या गाडीला फक्त बोल्टने बसणारे बार.

केबिनमध्ये बसवायच्या पाइपच्या पिंजऱ्याचंही (रोल केज) तसंच. रॅलीत उतरायचं असेल तर एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटरस्पर्धा संघटनेच्या नियमाने मुख्य कमान ४५ × २.५ किंवा ५० × २ मिमीच्या सीमलेस पाइपची, पायाला ३ मिमीची प्लेट आणि किमान तीन एम-८ बोल्ट लागतात. रोजच्या गाडीत हेल्मेट नसताना हाच पाइप डोक्याला लागतो. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारे बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. कोणताही बदल करण्याआधी आरटीओत (नाशिकला पेठ रोडच्या) विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

काम झाल्यावर प्रत्येक नटावरून प्लेटवर जाणारी रंगाची एक रेघ मारा. ५०० किलोमीटरनंतर बॉनेट उघडा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला आहे. तो परत आवळण्याआधी प्लेटखाली रंगाचा थर किंवा गंज चेपला गेलाय का ते बघा, कारण बहुतेक वेळा नट सैल होतो तो त्यामुळेच.