आईची सोंगटी: टॅबवरून टीव्हीवर येताना

माझी आई ७४ वर्षांची. टॅबवर अभंग लावते, नातवाला व्हिडिओ कॉल करते, कुणाची मदत लागत नाही. म्हणून दिवाळीत तिच्या कऱ्हाडच्या घरी टीव्हीला फायर टीव्ही स्टिक, म्हणजे इंटरनेटवरचे व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारी छोटी कांडी, लावून दिली. चौथ्या दिवशी फोन आला, "अगं, यातलं काही उघडतच नाही." व्हिडिओ कॉलवर पाहिलं, तर ती टीव्हीजवळ उभी राहून चित्रावर बोट टेकवत होती.

तिचं वागणं अगदी बरोबर होतं. टॅबवर जे हवं त्यावर थेट बोट ठेवायचं असतं. टीव्हीवर मात्र तिथवर चालत जावं लागतं. घरातल्या मोठ्यांना शिकवताना हा फरक आधी सांगा, बाकीचं नंतर.

पडद्यावर एका वेळी एकच चित्र चौकटीत असतं किंवा इतरांपेक्षा मोठं दिसतं. रिमोटवरचं गोल कडं ज्या बाजूला दाबाल, त्या बाजूला ती चौकट एक घर सरकते. मधलं बटण दाबलं की चौकटीतलं उघडतं. आईला म्हटलं, "ही तुझी सोंगटी. आधी ती कुठंय ते बघ, मग बटण दाब." दोन दिवस आम्ही काहीच लावलं नाही, नुसती सोंगटी फिरवली. खाली चार घरं, उजवीकडे तीन, परत वर. हे दोन दिवस वाचवू नका. बोटांना सवय झाली की पुढचं पटापट जमतं.

वळलेल्या बाणाचं बटण एक पायरी मागे नेतं. घराचं चित्र असलेलं बटण कुठूनही पहिल्या पानावर आणतं. त्या घरावर मी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला आहे. वाट चुकली की लाल ठिपका, एवढंच आईच्या लक्षात राहिलं तरी पुरतं.

हवं ते बोलून शोधायचं असेल तर माइकचं बटण दाबून धरायचं, बोलायचं आणि मग सोडायचं. आई ते सोडून देऊन बोलायची, त्यामुळे ऐकूच जायचं नाही.

"चित्रं सरकतात, पण आवाज वाढत नाही," ही तक्रार बऱ्याच घरांतून ऐकली. रिमोट स्टिकशी ब्लूटूथने बोलतो, म्हणून तो कुठेही रोखला तरी चौकट हलते. आवाजाचं बटण मात्र इन्फ्रारेडने, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाने, थेट टीव्हीला सांगतं. टीव्हीपुढे फुलदाणी किंवा फोटोफ्रेम असेल तर ती बाजूला घ्या आणि रिमोट टीव्हीकडे धरा.

तुम्ही स्वतः करून द्यायची कामं थोडी आहेत. स्टिकला वीज तिच्यासोबत आलेल्या अडॅप्टरनेच द्या. आम्ही सुरुवातीला टीव्हीच्या यूएसबीत वायर खोचली होती, तिथून वीज कमी मिळायची आणि स्टिक मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायची. रोजची तीन-चार अ‍ॅप्स पुढे आणून ठेवा: अ‍ॅपवर चौकट नेऊन तीन आडव्या रेघांचं बटण दाबलं की ते हलवायचा पर्याय येतो. सेटिंग्जच्या प्रेफरन्सेसमध्ये फीचर्ड कंटेंट आहे, तिथे व्हिडिओ आणि आवाज आपोआप सुरू होणं बंद करा. आपण काही दाबलं नसताना पडदा बोलू लागला की आई दचकायची.

अडकलं तर मधलं बटण आणि प्लेचं बटण एकत्र, स्टिक पुन्हा सुरू होईपर्यंत दाबून धरा. रिमोट ऐकेनासा झाला तर आधी सेल बदला, मग घराचं बटण दहा सेकंद दाबून धरा.

आणि "नो सिग्नल" दिसलं तर स्टिक बिघडली असं लगेच समजू नका. बहुतेक वेळा टीव्हीच्या रिमोटवरून सोर्स, म्हणजे टीव्ही कोणत्या खाचेतलं चित्र दाखवतो ते, बदललेलं असतं. आईची स्टिक एचडीएमआय दोन या खाचेत आहे. आईच्या टीव्हीशेजारी भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवली आहे: "सोर्स, मग एचडीएमआय दोन." आता त्यासाठी फोन येत नाही, अभंग कुठवर ऐकले हे सांगायला येतो.