टायटनवर खोली बांधायची? आधी साइट बघा

भोसरीत कोल्डरूम बसवायच्या धंद्यात मला २६ वर्षं झाली. फोनवर मी कधीच भाव सांगत नाही. आधी जागा बघते: बाहेर उन्हाळ्यात किती तापतं, वीज किती मिळते, फरशीखाली काय आहे, दार दिवसातून किती वेळा उघडणार. कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर एकाने दुर्बीण लावून शनी दाखवला, शेजारचा बारीक ठिपका म्हणजे त्याचा चंद्र टायटन असंही सांगितलं, आणि दूध आटेपर्यंत ‘तिथे माणूस राहील का’ यावर वाद रंगला. पुण्यात वादाला माहिती लागतेच असं नाही. मी खाली आले आणि माझा नेहमीचा साइट-फॉर्म टायटनच्या नावाने भरायला घेतला. तुम्हीही भरा. वही आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो.

पहिला रकाना हवेचा. लोक पाण्यापासून सुरुवात करतात आणि गुरूच्या युरोपा या चंद्रावर जाऊन अडकतात, कारण तिथे बर्फाखाली समुद्र आहे. पण युरोपाच्या पृष्ठभागावर दिवसाला सुमारे ५ सिव्हर्ट किरणोत्सर्ग पडतो. उघड्यावर एक दिवस काढला तरी जिवावर बेततं. गुरूच्याच कॅलिस्टो या चंद्रावर तो त्रास फार कमी, म्हणून २००३ मध्ये नासाच्या एका अभ्यासगटाने माणसांच्या तळासाठी कॅलिस्टो निवडला होता. मात्र तिथे बाहेर पोकळी. म्हणजे खोली नाही, बॉयलरसारखं प्रेशर व्हेसल बांधायचं. टायटनवर हवा आहे, मुख्यतः नायट्रोजन, आणि दाब आपल्या दीडपट. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था सुरू झाली त्याच १९४४ साली खगोलशास्त्रज्ञ कायपरने टायटनच्या हवेत मिथेन शोधला. बाहेरचा आणि आतला दाब सारखा ठेवला की भिंतीवर ताण येत नाही. माझ्यासारखीला एवढं बास झालं. हे पॅनलचं काम आहे.

आता तापमान: उणे १७९ सेल्सिअस. इथे उत्साही माणूस म्हणतो, अख्खा चंद्रच तापवू. नका. तिथली जमीनच पाण्याच्या बर्फाची. ती वितळली की उभं राहायला किनारासुद्धा उरत नाही. त्याच्या कितीतरी आधी, उणे १६०च्या आसपास, मिथेनची तळी उकळू लागतील. चार पेट्या आंबे टिकवायला कुणी अख्ख्या मार्केट यार्डाला एसी लावत नाही.

खोलीचा हिशोब करा. ४ मीटर लांब, ४ रुंद, ३ उंच. भिंती, छत, फरशी मिळून ८० चौरस मीटर. आत २० अंश, म्हणजे फरक जवळजवळ २००. पफ म्हणजे पॅनलमध्ये भरलेला फोम, त्याचा उष्णता वाहण्याचा आकडा ०.०२३ धरा. ८० गुणिले २०० गुणिले ०.०२३, भागिले जाडी मीटरमध्ये. १५० मिलिमीटर पॅनलला उत्तर येतं साधारण अडीच किलोवॉट, ३०० मिलिमीटरला सव्वा. मी तीनदा करून बघितलं. शनीच्या चंद्रावर एक खोली उबदार ठेवायला बाथरूमच्या गिझरपेक्षा कमी वीज! (नेहमीचा पफ आणि साधं लोखंड तिथे चालणार नाही. इतक्या थंडीत ते लोखंड काचेसारखं तडकतं. दाभोळसारख्या ठिकाणी एलएनजी, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू, उणे १६०ला ठेवतात, तसल्या टाक्यांना ९ टक्के निकेलचं पोलाद वापरतात, तेच घ्या.)

फरशीच्या रकान्यावर वेळ घालवा. उणे २०च्या कोल्डरूमखालची माती हळूहळू गोठते, तिच्यातलं पाणी फुगतं आणि फरशी वर उचलली जाते. म्हणून खाली हवा खेळायला पाइप टाकतात. एकदा खर्च वाचवायला मी पाइप निम्मे केले. अडीच वर्षांत फरशी पोळीसारखी फुगली, दार घासायला लागलं, आणि सगळं उखडून माझ्या पैशाने परत करून द्यावं लागलं. टायटनवर हेच उलटं होणार. १४ जानेवारी २००५ला हायगेन्स यान तिथे उतरलं, तेव्हा त्याच्या गरम उपकरणाने जमीन जराशी तापली आणि ओल्या मातीतून वाफ यावी तसा मिथेन वर आला. खोली थेट जमिनीवर टेकवलीत तर ती स्वतःच्याच उबेने खालचा आधार पोखरेल. खांबांवर उचला, खालून वारा जाऊ द्या, आणि पाइप निम्मे करू नका.

विजेत सोलर खोडून टाका. सूर्य साडेनऊपट लांब, म्हणजे ऊन नव्वदाव्या हिश्श्याचं, आणि त्यातलंही बरंचसं नारिंगी धुरकं खातं. मिथेन मुबलक आहे, पण जाळायला ऑक्सिजन आपणच करायचा आणि त्याला मिळते त्याहून जास्त वीज जाते. अणुऊर्जाच लागेल, तिकडे जायचं असलेलं ड्रॅगनफ्लाय यानही प्लुटोनियमवरच चालणार आहे. ऑक्सिजनसाठी बर्फ वितळवून पाण्याचं विघटन करा: माणशी रोज १ लिटर पाणी, साधारण ६ युनिट. चार माणसांना सतत एक किलोवॉट. (चार माणसं त्या एका खोलीत? मुंबईकरांना पाठवा.) दाब दीडपट असल्याने हवेत ऑक्सिजन १४ टक्के पुरतो. बाहेर जाताना प्रेशर सूट नको, ऊबदार कपडे आणि ऑक्सिजनचा मास्क हवा.

गुरुत्वाकर्षणाचा रकाना माझ्या फॉर्ममध्ये नव्हता, हाताने आखला. आपल्या एक सप्तमांश, आणि ते कुठल्याच पॅनलने वाढत नाही. अंतराळात तरंगणाऱ्यांच्या कंबरेचं हाड महिन्याला टक्काभर झिजतं. त्यात कॅसिनी यानाला शनीपर्यंत पोहोचायलाच पावणेसात वर्षं लागली. म्हणून मी याला ड्यूटीची जागा म्हणते. संसार थाटायला कुणी विचारलं तर कोटेशन देणार नाही.

राहिलं दार. आमच्याकडच्या निम्म्या तक्रारी दाराच्याच असतात. दोन दारं, मध्ये लॉबी, एक उघडं असताना दुसरं उघडणार नाही असं इंटरलॉक. चौकटीत हीटर वायर, नाहीतर आतल्या दमटपणाने गॅस्केटवर बर्फ धरून दार चिकटतं. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवा, म्हणजे फट पडली तरी आपली हवा बाहेर जाईल, मिथेन आत येणार नाही. पृथ्वीवरच्या हवेत तो ५ टक्क्यांवर गेला की ठिणगीचं निमित्त पुरतं. मिथेनचे सेन्सर दोन लावा. गॅस हलका, म्हणून लोक छताशीच लावतात. पण बाहेरून थंडगार आत आलेला मिथेन आधी फरशीलगत साचतो. एक वर, एक खाली.