अगस्तीवरून आर्गो जहाज कसं शोधाल

फेब्रुवारीच्या मध्यात रात्री ९ वाजता दक्षिणेकडे तोंड करा. मी रत्नागिरीला गच्चीवरून बघते. आधी व्याध, म्हणजे रात्रीच्या आकाशातला सर्वात तेजस्वी तारा, गाठा. हात ताठ धरून तिथून साडेतीन मुठी खाली या: हा अगस्ती तारा. प्राचीन खगोलज्ञ टॉलेमीच्या ४८ तारकासमूहांत हा ग्रीक पुराणकथेतल्या जेसनच्या आर्गो जहाजाच्या सुकाणूच्या वल्ह्यावर होता.

अठराव्या शतकात फ्रेंच खगोलज्ञ लाकाय यांनी जहाजाचे भाग पाडले: कराइना म्हणजे तळाचा कणा, पपिस पिछाडी, वेला शिडं. ताऱ्यांच्या नावांसाठीची ग्रीक अक्षरं मात्र साऱ्या जहाजाला मिळून एकदाच दिली. म्हणून आल्फा, म्हणजे अगस्ती, कराइनात, गॅमा वेलात, झीटा पपिसमध्ये. मोडलेल्या जहाजाची ही खूण मला फार आवडते.

अकरापर्यंत थांबाच. अगस्ती उजवीकडे कलतो आणि झीटा, त्याखाली गॅमा, थेट दक्षिणेला येतात.