मास्क आहे, हातमोजे आहेत, तरी डोकं दुखतंय? रसायनांजवळ काम करताना या चुका टाळा

रसायनांपासून कामगारांना वाचवायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी सुरुवात खरेदीने होते. मास्क मागवा, हातमोजे मागवा, गॉगल मागवा. नेमकं काय अडवायचंय, हा प्रश्न कुणी चक्कर येऊन खाली बसल्यावर निघतो. तेच तेच बघून कंटाळा आला म्हणून हे लिहितोय.

रंग बघून कार्ट्रिज घेणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. एका रंगकामाच्या विभागात कामगारांची रोज संध्याकाळी डोकेदुखीची तक्रार असायची. सुपरवायझर नवा होता, उत्साही होता. चांगले महागाचे अर्ध्या चेहऱ्याचे मास्क त्याने आणले होते आणि वर म्हणत होता, "एवढं देऊनही ही पोरं कारणं सांगतात." मी एक कार्ट्रिज, म्हणजे मास्कला लावायची हवा गाळणारी डबी, हातात घेतलं. त्यावर पिवळा पट्टा होता. त्याच्या भिंतीवरच्या तक्त्यातही थिनरच्या वाफेपुढे पिवळाच रंग होता. मग चुकलं कुठे? तक्ता अमेरिकन पद्धतीचा होता आणि माल युरोपियन. अमेरिकेत पिवळा म्हणजे सेंद्रिय वाफा आणि आम्लवायू दोन्ही. युरोपात पिवळा म्हणजे सल्फर डायऑक्साइडसारखे आम्लवायू. थिनरसारख्या सेंद्रिय वाफांसाठी तिथे तपकिरी लागतो. पांढऱ्याचा घोळ तर याहून वाईट. युरोपात तो धुळीचा फिल्टर, अमेरिकेत आम्लवायूंचा. म्हणून मी रंगाकडे बघतच नाही. कार्ट्रिजवर छापलेलं अक्षर आणि मानक वाचतो, मग रसायनाच्या डेटा शीटचा, म्हणजे त्यासोबत येणाऱ्या सुरक्षा माहितीपत्रकाचा, आठवा विभाग उघडून ताडून बघतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण घाईतल्या माणसाला तेवढीच पाच मिनिटं नसतात.

त्याच विभागात दुसरा प्रकारही होता. सुट्टी झाली की मास्क खिळ्याला उघडेच टांगलेले, तेही थिनरच्या टाकीशेजारी. आतला सक्रिय कोळसा घड्याळ बघत नाही. माणूस घरी गेला तरी तो रात्रभर वाफ ओढत राहतो आणि सकाळी अर्धा संपलेला असतो. माझी सवय अशी: पाकीट फोडलं की मार्करने कार्ट्रिजवर तारीख घालायची, काम संपलं की हवाबंद डब्यात ठेवायचं आणि ठरलेल्या दिवशी बदलायचं. "वास येईपर्यंत चालतं" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. बेंझिनचा वास अनेकांना जाणवतो तोवर १ पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) अमेरिकन मर्यादा ओलांडलेली असते. हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या आसपास गेला की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून माणूस निश्चिंत होतो आणि तिथेच फसतो.

दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही. यावर चर्चा नको.

"हातमोजे घातलेत ना, मग झालं"

कॅरन वेटरहान डार्टमथ कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. ऑगस्ट १९९६ मध्ये धूरकपाटात (वाफा बाहेर ओढून नेणाऱ्या प्रयोगशाळेतल्या कपाटात) काम करताना डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या जहाल संयुगाचे एक-दोन थेंब त्यांच्या लॅटेक्सच्या हातमोज्यावर पडले. त्या काळी जी काळजी पुरेशी मानत, ती त्यांनी घेतली होती. लक्षणं दिसायला काही महिने गेले आणि जून १९९७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. नंतरच्या चाचणीत कळलं की हे रसायन तसल्या हातमोज्यातून १५ सेकंदांच्या आत पार होतं. मोजा फाटला नव्हता, भोक पडलं नव्हतं.

तुमच्याकडे असलं जहाल काही नसेल, पण तत्त्व तेच लागू होतं. पातळ नायट्राइल रबराच्या हातमोज्यातून अॅसिटोन काही मिनिटांत आत येतं. तिथे ब्युटाइल रबर टिकतं, पण तेच ब्युटाइल पेट्रोल किंवा टोल्युइनपुढे हात टेकतं. सगळ्याला चालणारा मोजा नसतो, विक्रेता काहीही सांगो. उत्पादकाच्या तक्त्यात त्या रसायनापुढे दिलेला पार होण्याचा वेळ बघायचा आणि मी तर त्याच्या बऱ्याच आधी मोजा बदलतो. काढताना उलटा करून काढायचा. दातांनी ओढून काढणारे महाभागही बघितलेत.

पंखा लांब, तोंड मधे

वाफ ओढणाऱ्या नळीचं तोंड कामापासून लांब ठेवलं तर ती नुसता आवाज करते. नळीच्या व्यासाएवढ्या अंतरावरच ओढ साधारण दहा टक्क्यांवर येते. त्यात कामगाराचं तोंड टाकी आणि नळीच्या मधे असेल तर वाफ आधी त्याच्या नाकातून जाते. नळी जवळ आणा, माणूस बाजूला उभा करा. मुळात ते रसायन बदलता येतं का, हे तर मास्क मागवण्याआधीच विचारायला हवं होतं.

टाकीत पडलेल्यामागे उडी मारणं

कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या एनआयओएसएच या संस्थेने १९८६ मध्ये नोंदवलं होतं की बंदिस्त जागांतल्या मृतांपैकी ६० टक्क्यांहून जास्त जण वाचवायला गेलेले असतात. कार्ट्रिज हवा गाळतं, ऑक्सिजन बनवत नाही, हवेतला ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली गेला की ते निरुपयोगी. आधी आतली हवा मोजा. आत जाणाऱ्याच्या अंगावर दोर बांधलेला हवा आणि बाहेरचा माणूस जागेवरून हलता कामा नये.

बाकीच्या, पटापट

पाण्याच्या बाटलीत रसायन ओतू नका, "दोनच मिनिटं" असली तरी. आम्लात पाणी नाही, पाण्यात आम्ल. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन सुटतो, त्यामुळे दोन क्लीनर मिसळून "जास्त जोरदार" करायला जाऊ नका. कपड्यांवरची धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, आणि ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नका.

डोळे धुण्याचा नळ असेल तर आत्ता जाऊन बघा, त्याच्यासमोर खोकी रचलेली असतील. ती हटवा आणि पाणी सोडा. मी आठवड्यातून एकदा सोडतो, कारण पहिलं पाणी बहुधा गंजाचं येतं. डोळ्यांत काही उडालं तर निदान १५ मिनिटं, पापण्या बोटांनी उघड्या धरून धुवायचं. हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरत असाल तर त्याच्या भाजण्यावर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी हवं आणि त्यावरची मुदत तपासलेली हवी, कारण सौम्य द्रावणाची आग कधीकधी काही तासांनी सुरू होते. तोवर माणूस घरी पोचलेला असतो.