सह्याद्रीच्या पावसासाठी जाकीट: तीन थरांचं कापड घरच्या मशीनवर कसं शिवावं

जुलैत कास ओलांडून बामणोलीकडे उतरताना जो पाऊस लागतो, त्यात साधा प्लॅस्टिकचा रेनकोट तासाभरात आतून ओला होतो. ते पाणी पावसाचं नसतं, घामाचं असतं. जुनं इरलं याबाबतीत शहाणं होतं. बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं ते कवच अंगाला चिकटायचं नाही, खालून वारा खेळायचा. भातलावणीत दिवसभर वाकलेली पाठ कोरडी राहायची आणि जीवही गुदमरायचा नाही. जाकीट शिवताना हेच डोक्यात ठेवा. कापड कितीही भारी घेतलं, तरी वाऱ्याला वाट नसेल तर आपल्या पावसात ते हरतं.

तीन थरांच्या या कापडात बाहेर नायलॉन किंवा पॉलिएस्टर, मध्ये अतिशय पातळ पडदा आणि आत बारीक विणीची जाळी असते. पडदा पॉलियुरेथेनचा असतो, नाहीतर ताणलेल्या पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचाच. १९६९ साली अमेरिकी अभियंते बॉब गोर यांनी तापवलेली पीटीएफईची कांडी हळूहळू न ओढता एकदम हिसका देऊन ताणली. ती तुटली नाही, तर सूक्ष्म छिद्रांनी भरून गेली. त्या छिद्रांतून पाण्याचा थेंब आत येत नाही, वाफ मात्र बाहेर जाते.

पण किती वाफ? कापडावर ‘१०,०००’ लिहिलेलं असेल, तर एका चौरस मीटरमधून २४ तासांत १०,००० ग्रॅम. जाकिटाचं दीड चौरस मीटर धरलं तर तासाला ६०० ग्रॅमच्या आसपास, आणि तेही प्रयोगशाळेत. पाठीवर ओझं घेऊन सज्जनगडाच्या पायऱ्या भराभर चढणारा माणूस तासाला लिटरभर घाम गाळू शकतो. शिवाय पावसाळ्यात बाहेरची हवाच ओलीचिंब, त्यामुळे आतली वाफ रेंगाळते. म्हणून बगलेतली चेन चैनीसाठी नाही. ती नसेल तर हे जाकीट शिवूच नका.

सामान. मध्यम बांध्याच्या माणसाला १५० सेंमी पन्ह्याचं अडीच मीटर कापड, पाणी अडवण्याची क्षमता किमान १०,००० मिमी, म्हणजे दहा मीटर उंच पाण्याचा दाब सोसणारं (वाफेचा ‘१०,०००’ हा आकडा वेगळा). पुढची चेन ७० सेंमी. बगलेसाठी ३० सेंमीच्या दोन, शक्यतो दोन रनरवाल्या. तीन थरांच्या कापडासाठीची २२ मिमी रुंद सीलिंग टेप (शिलाईवर आतून इस्त्रीने चिकटवून सुईची भोकं झाकणारी पट्टी) १५ मीटर, ३ मिमीची लवचीक दोरी २ मीटर, थोडं वेल्क्रो. कापड आणि टेप बहुधा ऑनलाइनच मागवावी लागेल, बाकीचं पेठेत मिळतं. सिलिकॉनचा लेप असलेलं हलकं नायलॉन या पद्धतीला चालत नाही, त्यावर टेप धरतच नाही.

कापड आलं की आधी तुकडा तपासा. पेल्यात कढत पाणी घ्या, तोंडावर कापड रबराने ताणून बांधा आणि वर गार काचेचा पेला पालथा ठेवा. काही मिनिटांत वरच्या पेल्यात धुकं धरलं, तर वाफ जाते आहे. काच कोरडीच राहिली, तर विकणाऱ्याने लेप दिलेलं साधं रेनकोटचं कापड पाठवलंय.

कापणी. छातीच्या मापात २० ते २५ सेंमी सैल धरा. टाचण्या लावू नका, प्रत्येक टाचणी म्हणजे एक भोक. कागदाच्या फर्म्यावर वजनं ठेवा, जोडताना कपड्यांचे चिमटे वापरा. शिलाईची माया १ सेंमी. खांद्याची शिलाई ४-५ सेंमी पुढे सरकवा, नाहीतर सॅकचा पट्टा नेमका तिच्यावर बसतो आणि दाबाने पाणी आत ढकलतो.

शिलाई. ११ नंबरची नवी सुई, शंभर टक्के पॉलिएस्टर दोरा. सुती दोरा पाणी शोषून आत ओढतो. टाका ३ मिमीचा. बारीक टाक्याने शिलाई मजबूत होईल असं वाटतं, पण कापड पोस्टाच्या तिकिटासारखं भोकांच्या रेषेवर फाटतं. कापड फूटखाली अडकत असेल तर वर पातळ कागद ठेवून शिवा आणि मग कागद फाडून काढा. उसवायची वेळ येऊ देऊ नका, भोकं बुजत नाहीत. टेलरकडे देणार असाल तर ‘ओव्हरलॉक नको’ असं बजावून सांगा. या कापडाच्या कडेचे धागे सुटत नाहीत, आणि ओव्हरलॉकच्या जाड कडेवर टेप बसत नाही.

क्रम असा: आधी खांदे, मग बाह्या मुंढ्याला. त्यानंतर मनगटापासून कमरेपर्यंत एक सलग शिलाई, पण बगलेत ३० सेंमी उघडं सोडून: १० सेंमी बाहीत, २० सेंमी अंगात. तिथे चेन. शेवटी टोपी, पुढची चेन आणि कडा. प्रत्येक जोडावर माया एका बाजूला दुमडून ५ मिमीवर दुसरी टीप मारा आणि उरलेली माया ६ मिमीपर्यंत छाटा.

टेप. इथे घाई केली की सगळी मेहनत वाया. आधी चिंध्यांवर सराव करा. इस्त्री सिंथेटिकवर, वाफ बंद, मध्ये बटर पेपर. टेपची जाळीची बाजू वर, गोंदाची चकचकीत बाजू शिलाईकडे. एका जागी दहा सेकंद दाबून धरा, मगच पुढे सरका. घासू नका, टेप वाकडी होते. कडेने गोंदाची बारीक ओळ जेमतेम बाहेर आली की झालं. पूर्ण गार झाल्यावर नखाने उचलून बघा: सुटली तर उष्णता कमी पडली, कापडाला फोड आले तर जास्त झाली. मगच खऱ्या जाकिटाला हात लावा.

बगलेत जिथे अनेक शिलाया एकत्र येतात, तिथेच बहुतेक जाकिटं गळतात. त्या चौकावर टेपचा ४ सेंमी लांब तुकडा जास्तीचा लावा, कोपरे गोल कापून. टोकदार कोपरा आधी उचलतो.

गळती तपासणं. बाही उलटी करा, म्हणजे बाहेरची बाजू आत जाईल. मनगट घट्ट बांधा, कोपरापर्यंत पाणी भरा, बादलीवर धरा आणि दहा मिनिटं थांबा. बाही सुलटी ठेवून भरली तर पाणी टेपला कापडावर दाबतं, आणि सैल टेपही पास होते. पाऊस बाहेरून येतो, परीक्षाही त्याच बाजूने हवी. थेंब दिसला तिथे खूण करा, वाळवा आणि पुन्हा इस्त्री फिरवा.

वापर आणि धुणं. आत सुती बनियन नको. पातळ लोकर किंवा पॉलिएस्टर घाला. लोकर भिजली तरी ऊब धरते, घोंगडी वापरणाऱ्या धनगराला हे सांगावं लागत नाही. चढ सुरू होण्याआधीच बगलेच्या चेन उघडा, घाम फुटल्यावर नाही.

नव्या कापडावर थेंब मोत्यासारखे घरंगळतात. काही महिन्यांनी बाहेरचं नायलॉन भिजून जड होतं आणि जाकीट गळतंय असं वाटतं. बहुतेक वेळा पडदा शाबूत असतो, वरचा पाणी झटकणारा लेप मळलेला असतो. सौम्य द्रवरूप साबणाने धुवा, दोनदा खळबळा, सॉफ्टनर कधीच घालू नका. वाळल्यावर वरून सुती कापड ठेवून मंद इस्त्री फिरवा, उष्णतेने लेप पुन्हा जागा होतो. तेवढ्याने भागलं नाही तर लेपाचा स्प्रे मारा. ओलं जाकीट पिशवीत कोंबून ठेवू नका: आधी बुरशी धरते, आणि पॉलियुरेथेनचा पडदा असेल तर तो दमट हवेत हळूहळू चिकट होऊन सुटतो. दिवाळीपर्यंत हँगरवर, हवेशीर जागी टांगलेलं बरं.