काळं झालं म्हणजे मिसळलं असं नाही

एमटेकला इपॉक्सीत (घट्ट होणारं चिकट रेझिन) कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, घालायचा विषय मिळाला तेव्हा मी जाम खूश होते. नळीचा मॉड्युलस, म्हणजे ताठपणा, १ टेरापास्कलच्या आसपास, म्हणजे चिमूटभर टाकली की झालं, असं डोक्यात. ०.५ टक्के घातली, स्टररवर तासभर फिरवली, बीकर काळाकुट्ट, एक ठिपका दिसेना, दिली साच्यात ओतून. यूटीएमवर, म्हणजे नमुना ओढून तोडणाऱ्या मशीनवर, पाचातले चार डॉगबोन (हाडाच्या आकाराचे नमुने) साध्या इपॉक्सीच्याही आधी तुटले. मी तीन आठवडे मशीनलाच शिव्या घालत बसले.

मशीन बरोबर होतं. अहो, ०.१ टक्क्यालाही रेझिन पार काळं होतं, रंगावरून काही म्हणजे काही कळत नाही! नळ्या एकमेकींना चिकटून त्यांचा गुंता होतो, पिठल्यातल्या गुठळीसारखा, वरून ओला आणि आत कोरडं पीठ. त्या कोरड्या गाभ्यात रेझिन शिरतच नाही, मग ताण आला की तडा तिथूनच जातो. एसईएमखाली (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) तुटलेला भाग बघितला तर मधोमध कापसाच्या बोळ्यासारखा गोळा, आणि तडा बरोबर त्याच्यापासून निघालेला. म्हणून थेंबभर मिश्रण दोन काचपट्ट्यांत दाबा आणि साध्या मायक्रोस्कोपखाली बघा. रेझिन घट्ट करणारा हार्डनर घालायच्या आधी. परत सांगते, आधी, नंतर बघून फक्त रडता येतं.

प्रोब सॉनिकेटर (ध्वनिलहरींनी गुंता सोडवणारं यंत्र) वापरा, पण बीकर बर्फात ठेवून, पल्सवर, म्हणजे थांबून थांबून. रात्रभर चालवाल तर गुंता सुटेल पण नळ्याच तुटून आखूड होतील. "अ‍ॅसिटोनमध्ये टाक, मस्त पसरतं" असं सांगणारा एक सीनियर प्रत्येक लॅबमध्ये असतो. पसरतं हो, पण अ‍ॅसिटोन आत राहिला तर इपॉक्सी मऊ पडतं, टीजी, म्हणजे ज्या तापमानाला ते मऊ पडतं ते, खाली येतो. वजन स्थिर होईपर्यंत व्हॅक्यूममध्ये ठेवा, वासावर जाऊ नका. थ्री-रोल मिल (तीन रोलरमधून मिश्रण रगडणारं यंत्र) मिळत असेल तर माझ्या मते सॉनिकेटरच्या नादीच लागू नका. इपॉक्सीऐवजी पीपी-नायलॉनसारखं प्लॅस्टिक वापरणाऱ्यांनी सरळ तयार मास्टरबॅच (नळ्या आधीच मिसळलेले प्लॅस्टिकचे दाणे) घ्यावा, कुणी चीटिंग म्हटलं तर म्हणू दे. सुकी पावडर उडते, मास्कशिवाय डबी उघडायची नाही.

आणि स्ट्रेंथ वाढली नाही म्हणून लगेच विषय बदलायला धावू नका. वीज वाहायला नळ्यांचं जाळं लागतं, तिथे थोडा गुंता चालून जातो. माझ्या त्याच तुटक्या डॉगबोनची टोकं पॉलिश पेपरने घासली, सिल्व्हर पेस्ट लावली, मल्टिमीटर जोडला तर चक्क रीडिंग आलं. थिसिसचं चौथं प्रकरण त्या भंगारावरच उभं आहे.