वैद्यकीय शब्द पाठ करू नका, सोडवायला शिका

गडहिंग्लज, भुदरगड, शाहूवाडी अशा तालुक्यांतून मराठी माध्यमात शिकून जी मुले-मुली कोल्हापुरात नर्सिंगच्या किंवा लॅब टेक्निशियनच्या अभ्यासक्रमाला येतात, त्यांना पहिल्या दोन-तीन महिन्यांत सर्वांत जास्त धास्ती वाटते ती लांबलचक वैद्यकीय शब्दांची. एकेक शब्द वहीत पन्नास वेळा लिहून काढणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहते, आणि परीक्षा झाल्यावर तेच शब्द त्यांच्या डोक्यातून पार पुसले गेलेलेही पाहते. हे शब्द पाठ करायचे नसतात, सोडवायचे असतात, असे माझे ठाम मत आहे; आणि सोडवण्याची ही विद्या तुम्ही शाळेत मराठी व्याकरणातले समास शिकताना आधीच घेतलेली आहे.

'राजपुत्र' या शब्दाचा विग्रह आपण 'राजाचा पुत्र' असा करतो, कारण तत्पुरुष समासात शेवटचे पद प्रधान असते. वैद्यकीय शब्दही असाच शेवटाकडून सोडवावा. 'पेरिकार्डायटिस' हा शब्द समोर आला, तर प्रथम शेवटचा 'आयटिस' वेगळा काढावा. त्याचा अर्थ दाह. मग सुरुवातीचा 'पेरि' पाहावा. त्याचा अर्थ भोवती. मधला 'कार्डि' म्हणजे हृदय. तिन्ही जोडले की 'हृदयाभोवतीच्या आवरणाचा दाह' हा अर्थ आपोआप हाती येतो. आता 'पेरि' काढून तिथे 'मायो', म्हणजे स्नायू, ठेवला तर हृदयाच्या स्नायूचा दाह होतो, आणि 'एंडो', म्हणजे आतला, ठेवला तर आतल्या अस्तराचा. एका शब्दाच्या कष्टात तीन शब्द मिळतात, आणि तेही न विसरण्यासारखे.

यातले बरेच तुकडे आपल्याला वाटतात तितके परकेही नाहीत. ग्रीक आणि संस्कृत या एकाच मूळ भाषेच्या शाखा असल्याने 'पेरि' हा आपल्या 'परिसर', 'परिघ' यांतल्या 'परि'चा सख्खा भाऊ आहे. 'डिस' म्हणजे आपला 'दुस्', 'हायपर' म्हणजे 'उपरि', आणि 'हायपो' म्हणजे 'उप'; सरपंचाच्या खालचा तो उपसरपंच, हे लक्षात ठेवले की 'हायपो' म्हणजे कमी की जास्त असा गोंधळ पुन्हा होत नाही. अवयवांचेही तसेच आहे: 'एंटेरॉन' आणि 'आंत्र', 'हेपार' आणि 'यकृत', 'स्प्लेन' आणि 'प्लीहा' या जोड्या एकाच मुळातून आलेल्या आहेत. वहीच्या पहिल्या पानावर या जोड्या लिहून ठेवाव्यात, म्हणजे निम्मी भीती तिथेच जाते.

रक्ताभिसरणाचे शब्द शिकताना आधी प्रवाहाची दिशा मनात पक्की करावी. विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये रक्त शरीरात फिरून पुन्हा हृदयात येते हे मांडले, तोवर रोहिण्यांमध्ये वायूचा अंश असतो असा समज होता. 'आर्टरी' या शब्दाच्या मुळाशी हवेचीच कल्पना असल्याचे मानले जाते, आणि आपला 'धमनी' शब्दही 'धम्', म्हणजे फुंकणे, या धातूपासून आला आहे. मराठी पुस्तकांतली 'रोहिणी' आणि 'नीला' ही नावे मात्र रंगावरून पडलेली आहेत, तांबडी ती रोहिणी आणि निळी ती नीला, आणि विद्यार्थी नेमके इथेच चुकतात. फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी प्राणवायू कमी असलेले रक्त नेते, तरी ती रोहिणीच असते, कारण ती हृदयापासून दूर जाते. म्हणून रंग विसरावा आणि शेत आठवावे: मोटरीचे पाणी मोठ्या पाटातून लहान पाटात आणि तिथून सरीत जाते, तसे रोहिणीचे फाटे होत होत रक्त केशवाहिन्यांत पोहोचते. नीलांसाठी नदी आठवावी. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येऊन पंचगंगा होते आणि पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. लहान नीला मिळून मोठ्या नीला आणि शेवटी महानीला होते, ते तसेच.

वाहिनीसाठीचा 'अँजिओ' हा तुकडा तर आता खेडोपाडी पोहोचला आहे. "सासऱ्यांची अँजिओ झालीया," असे नातेवाईक सांगतात, आणि नवी परिचारिका तेवढेच कागदावर लिहून घेते. पण 'अँजिओ' म्हणजे नुसती वाहिनी. तिचे काय केले ते सांगणारे प्रधान पद बोलण्यात गळून पडलेले असते. 'ग्राफी' म्हणजे चित्र घेणे, 'प्लास्टी' म्हणजे आकार पूर्ववत करणे. चित्र घेतलेला रुग्ण आणि अरुंद झालेली वाहिनी रुंद केलेला, बहुधा स्टेंट बसवलेला, रुग्ण यांच्या औषधांत मोठा फरक असू शकतो, म्हणून शेवटचे पद विचारून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. वेगाचे दोन शब्द, 'टॅकि' म्हणजे जलद आणि 'ब्रॅडी' म्हणजे मंद, घरातल्या एखाद्याच्या मनगटावर बोटे ठेवूनच शिकावेत. विश्रांतीत असलेल्या प्रौढ माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० असते; वर गेली तर टॅकिकार्डिया, खाली आली तर ब्रॅडीकार्डिया.

लसीकासंस्था अभ्यासक्रमात घाईने उरकली जाते, याची मला खंत वाटते, कारण आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला ती समजणे सर्वांत सोपे आहे. शिरोळकडच्या चिबड जमिनी ज्याने पाहिल्या आहेत, त्याला पाणी देण्याइतकाच पाण्याचा निचराही महत्त्वाचा असतो हे सांगावे लागत नाही. केशवाहिन्यांतून पेशींभोवती झिरपलेले बहुतेक पाणी रक्तात परत जाते, पण दिवसाला सुमारे ३ लिटर मागे उरते. ते लसीकावाहिन्या चरासारखे गोळा करतात आणि मानेच्या तळाशी असलेल्या मोठ्या नीलांत सोडतात. चर बुजला की जमीन चिबडते, तसा निचरा अडला की हात किंवा पाय सुजतो. यालाच 'लिम्फेडीमा' म्हणतात, म्हणजे 'लिम्फ' अधिक 'एडीमा', लसीकेची सूज. हत्तीरोगातला पाय हे त्याचे ठळक उदाहरण. पायाला काटा लागून जखम चिघळली की जांघेत दुखरी गाठ येते, तिला आपल्याकडे 'अवधाण' म्हणतात. 'अडीन' म्हणजे ग्रंथी हे कळले की अवधाणाचे वैद्यकीय नाव 'लिम्फॅडेनायटिस', म्हणजे लसीकाग्रंथीचा दाह, हे तुमचे तुम्हीच तयार करू शकता.

पचनसंस्थेचे शब्द घासाच्या वाटेने, तोंडापासून खाली, शिकावेत. या वाटेवरची नावे ज्यांनी ठेवली त्यांनी डोळ्यांना दिसले तेच लिहिले. 'ड्युओडिनम', म्हणजे आद्यांत्र, या नावात बारा हा आकडा आहे, कारण त्याची लांबी बारा बोटे आडवी ठेवल्याएवढी मोजली गेली. 'जेज्युनम' म्हणजे उपाशी. मृतदेहात आतड्याचा हा भाग रिकामा आढळे. 'सीकम' म्हणजे आंधळे, कारण मोठ्या आतड्याची ही पिशवी एका बाजूला बंद असते. शस्त्रक्रियेचे तीन प्रत्यय मात्र एकत्रच घोटावेत, कारण कानाला ते सारखे लागतात: 'टॉमी' म्हणजे छेद घेणे, 'एक्टॉमी' म्हणजे काढून टाकणे, 'ऑस्टॉमी' म्हणजे नवे तोंड करणे. कोलेक्टॉमीत मोठ्या आतड्याचा भाग काढतात, कोलोस्टॉमीत त्याला पोटावर तोंड करून देतात.

इथे आपली बोलीही अभ्यासावी लागते. कोल्हापुरात मटणाच्या दुकानात काळीज मागितले तर यकृत मिळते, पण "काळजात कळ येतीया" म्हणणाऱ्या आजींचा हात छातीवर असतो. 'पित्त' म्हणजे कधी आंबट ढेकर, कधी अंगावर उठलेल्या गांधी, आणि पुस्तकात यकृताचा स्राव. वैद्यकातला 'कोले' हा तुकडा फक्त तिसऱ्या अर्थाचा आहे. म्हणून वहीत एका बाजूला रुग्णाचे वाक्य आणि समोर सोडवलेला शब्द असे लिहावे. "घास खाली उतरत न्हाई" याच्यासमोर 'डिसफेजिया', 'डिस' म्हणजे दुष्कर आणि 'फेजिया' म्हणजे गिळणे. त्याच्या शेजारीच 'डिसफेझिया' लिहून ठेवावा, जो बोलण्याचा आणि भाषेचा दोष आहे.

ही सवय मला एका चुकीने लावली. प्रशिक्षणाच्या काळात एका रुग्णालयात रात्रपाळीला असताना एका काकांच्या तोंडातून रक्त आले, आणि मी नोंदीत 'हीमॉप्टिसिस', म्हणजे खोकल्यातून रक्त, असे लिहिले. त्यांना उलटी झाली होती; शब्द हवा होता 'हीमॅटेमेसिस', ज्याच्या शेवटी उलटीचा 'एमेसिस' आहे. तपासाची दिशा छातीकडे वळली आणि पोटाकडे लक्ष जाईपर्यंत सकाळ झाली. काका बरे झाले, पण त्या रात्रीपासून 'हीम' ऐकून मी थांबत नाही, शेवटचे पद ऐकेपर्यंत पेन उचलत नाही.

देवनागरीत लिहून शिकल्याने उच्चार पक्का होतो, पण काही ठिकाणी स्पेलिंग झाकले जाते, तेवढी काळजी घ्यावी. 'इलियम' हे लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचे, शेषांत्राचे, नाव आहे आणि खुब्याच्या वरच्या पसरट हाडाचेही. आपल्या लिपीत दोन्ही एकसारखेच दिसतात. रोमन स्पेलिंगमध्ये तिसरे अक्षर 'ई' असेल तर ते 'एंटेरॉन'मधल्या पहिल्या अक्षराचे, म्हणजे आतड्याचे; तिसरे अक्षर 'आय' असेल तर ते हाड. केसपेपरवर लिहिण्यापूर्वी हे एक अक्षर बोट ठेवून पाहावे.